उकळलेले वाटाणे

तिला मास्तरीण हे नाव ठेवलं ते तळमजल्यावरच्या किराणावाल्याने, आणि ते काही कौतुकाने ठेवलं नव्हतं. "काय मास्तरीणबाई, आज शाळेला सुट्टी दिली वाटतं?" असं तो चार गिऱ्हाइकांदेखत विचारायचा आणि गिऱ्हाइकं हसायची. तीही हसायची. हसण्यावारी नेलं की उत्तर द्यावं लागत नाही. पोटापाण्यासाठी ती पडदे शिवायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, एका अंगाला कापडाचे गठ्ठे आणि दुसऱ्या अंगाला जेवणाचं टेबल. त्या टेबलावर तिची शाळा भरायची. अख्ख्या शाळेत विद्यार्थी दोन, थोरली आणि धाकटा, आणि खोडरबर एक, त्यामुळे मारामारीला तोटा नव्हता.

मुलांना घरी शिकवायची हौस तिला बिलकुल नव्हती. हौशी लोकांच्या घरात पुस्तकांनी भरलेल्या भिंती असतात म्हणे. हिच्या भिंतीवर झालरींचे नमुने टाचलेले. पण थोरली बोलताना अडखळायची, आणि शाळेत एकदा विज्ञानाच्या तासाला तिला उभं करून प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय ते विचारलं. पोरीला उत्तर तोंडपाठ होतं. ती 'प्र'वर अडली. मागच्या बाकावरून कोणीतरी "प्र, प्र, प्र" सुरू केलं, मग सगळ्या वर्गाने ठेका धरला, आणि शिकवणाऱ्या बाईंनाही हसू आवरलं नाही. त्या दिवसापासून तिचं नाव 'प्रप्र' पडलं. दप्तर भरायला घेतलं की तिला ओकारी यायची. डॉक्टर म्हणाले पोटाला काहीही झालेलं नाही. हळूहळू ती परक्या माणसासमोर तोंडच उघडेनाशी झाली. किराणावाल्याकडेसुद्धा बोटाने दाखवून वस्तू आणायची.

घरात मात्र तिचा एक शब्द अडायचा नाही. आईशी, बाबांशी, धाकट्याशी ती घडाघडा बोलायची, भांडायची, नकला करायची, ऐकणाऱ्याचे कान किटायचे. अडखळण्यावर उपचार करणाऱ्या एका बाईंनी मास्तरणीला बजावून ठेवलं होतं, पोरगी अडली तर तिचा शब्द तुम्ही पुरा करायचा नाही, गप उभं राहून वाट बघायची. मास्तरणीने हे सगळ्या नातेवाइकांना ओरडून सांगितलं होतं. तिला स्वतःला ते कधी पाळावंच लागलं नव्हतं, कारण तिच्यासमोर पोरगी अडतच नव्हती. हे एवढं एक सुख होतं, आणि ते टिकवण्यासाठीच तिने पोरीची शाळा सोडवली. मग धाकट्याने "मी एकटा का जाऊ?" म्हणून भोकाड पसरलं, त्यालाही घरी ठेवून घेतला.

घरी शिकवायला परवानगी मिळाली होती, पण शिक्षण खात्याच्या बाई अधूनमधून तपासणीला यायच्या. भाषा झाली, गणित झालं, सगळं पोरीने कागदावर लिहून दाखवलं. मग बाईंनी विचारलं, "झाडं आपलं अन्न कशी तयार करतात, तोंडी सांग." सगळं जग सोडून नेमकं तेच! थोरलीने तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, ओठ थरथरले, आणि तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"विज्ञानात काहीच झालेलं नाही," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "मान्यता असलेले अभ्यासक्रम आहेत, त्यातला एक निवडा आणि नीट चालवा. पुढच्या खेपेला मुलीने एक तरी प्रयोग स्वतः केलेला हवा आणि तो स्वतःच्या तोंडाने मला सांगायला हवा. नाहीतर नव्या सत्रापासून तिला शाळेत घालावं लागेल. माझ्या हातात नाही ते."

बाई जिना उतरून गेल्या. मशीनच्या स्टुलावर मास्तरीण बसली आणि बराच वेळ पायडल उगाच हलवत राहिली, सुईत दोरा नसताना.

अभ्यासक्रम निवडा म्हणे! पडद्याचं कापड निवडायला सांगितलं असतं तर तिने डोळे मिटून निवडलं असतं. विज्ञानाशी तिचं स्वतःचं कधी जमलं नव्हतं. शाळेत तिच्या हातून परीक्षानळी फुटली, तेव्हापासून तिला प्रयोगाच्या टेबलापासून लांब उभं करत. तिने नणंदेला विचारलं. नणंद शाळेत शिकवायची आणि सल्ला द्यायला एका पायावर तयार असायची.

"वहिनी, उगाच प्रयोगबियोगाच्या नादी लागू नका. हे घ्या." नणंदेने उशीएवढं जाड पुस्तक टेबलावर आपटलं. "प्रश्न आणि उत्तरं. पाठ करून घ्या. आमची मुलं यावरच पास होतात."

जाड पुस्तकाचा धाक वाटतो, तसा भरवसाही वाटतो. मास्तरणीने ते सुरू केलं. थोरलीने निमूटपणे पाठांतर केलं, आणि एका सकाळी पान उलटलं तर समोर तोच धडा, हिरव्या पानाचं चित्र आणि वर ठळक अक्षरात तोच शब्द. पोरगी न्हाणीघराकडे धावली. मास्तरीण तिची पाठ चोळत उभी राहिली आणि मनातल्या मनात नणंदेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. पुस्तक कपाटावर गेलं. पुढे त्याचा उपयोग कापड दाबून ठेवायला फार छान झाला.

मग नवऱ्याने डोकं चालवलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, कामासाठी गावोगाव फिरायचा, आणि घरी असला की प्रत्येक गोष्टीला बटण शोधायचा. "अगं, तू कशाला जीव काढतेस? संगणकावर शिकवणारे असतात. बटण दाबलं की झालं." पडद्यावरचा माणूस मोठ्या उत्साहाने दोन्ही हात हलवत अणू-रेणू समजावत होता. धाकटा त्याचे हातवारे करून दाखवायचा, तेवढंच विज्ञान त्याच्या अंगी लागलं. थोरली टक लावून बघायची. "काय समजलं?" विचारलं की म्हणायची, "आई, तो फार भराभर बोलतो गं." आणि मग हळूच, "एकदाही अडत नाही." मास्तरणीने संगणक बंद केला.

तोवर दिवस हातातून निसटत चालले होते. तिला जेवण जाईना. पडद्यांच्या दुमडी वाकड्या जायला लागल्या, दुकानदाराने एक अख्खी जोडी परत पाठवली. एकदा तर स्वयंपाक करता करता तिला वाटलं, द्यावं सोडून, घालावं पोरीला परत शाळेत, सगळ्यांची पोरं जातातच ना. आणि लगेच तिला तो दप्तर भरतानाचा पोरीचा पांढराफटक चेहरा आठवला. ती ओट्याला धरून रडली, गॅसवरचं सगळं करपेपर्यंत.

तिसरा अभ्यासक्रम तिने स्वतः शोधला, म्हणजे खरं तर हात टेकल्यावर तोच उरला होता. पातळसं पुस्तक, त्यात व्याख्या जवळजवळ नाहीतच. नुसतं अमुक घ्या, तमुक करा, काय दिसतं ते बघा. काय दिसायला हवं हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही. मास्तरणीला ते वाचून घामच फुटला. उत्तर नसलेलं पुस्तक घेऊन शिकवायचं कसं? पण थोरलीने ते तिच्या हातातून काढून घेतलं, खिडकीत बसून सगळं वाचलं आणि उठून म्हणाली, "आई, हेच. मला बी जिवंत असतं का ते बघायचंय."

प्रयोग सोपा होता. दोन बश्या, दोन्हींत ओला कापूस. एकीत साधे वाटाणे, दुसरीत उकळून गार केलेले. साधे उगवतात की उकळलेले ते बघायचं. पुस्तकात एक सूचना होती, दोन्ही बश्यांना सारखं ऊन मिळावं म्हणून त्यांच्या जागा रोज बदलाव्यात. ती सूचना मास्तरणीनेच मोठ्याने वाचून दाखवली होती आणि वर म्हणाली होती, "काय एकेक चोचले!" त्या कामात मात्र थोरली अशी रमली की बघत राहावं. हात चालू असले की तिचं तोंडही चालू. कापूस भिजवता भिजवता ती समोर बाई बसल्यात असं समजून बोलायची, "तर बाई, ही बशी साध्या वाटाण्यांची." धाकटा बाई व्हायचा, नाकावर चष्म्यासारखी बोटं धरून. मास्तरणीला किती दिवसांनी घास गोड लागला.

आणि वाटाणे उगवेनात.

थोरली रोज सकाळी उठून आधी खिडकीशी जायची, मग तोंड धुवायची. दोन्ही बश्यांतले दाणे फुगले आणि तिथेच थांबले. सारखेच फुगलेले, सारखेच मळकट, सारखाच आंबूस वास. किराणावाल्याने डब्याच्या तळाचे, कधीचे जुने वाटाणे दिले होते. "बाई यायच्या आत येतील ना गं?" थोरली विचारायची. मग विचारायचीही बंद झाली. बाईंचं सोंगही बंद झालं. एका दुपारी ती म्हणाली, "माझ्या हातातच काहीतरी आहे, आई. माझं सगळं अडतंच."

 मास्तरीण तडक खाली किराणावाल्याकडे गेली. "उगवतील असे वाटाणे द्या. ताजे."

"खायचेत की पेरायचेत?" किराणावाला म्हणाला. "का आता शेतीची शाळा काढली?"

त्या दिवशी तिला हसायला जमलं नाही. तिने घरी येऊन ते वाटाणे भिजवले, ओल्या फडक्यात बांधले आणि मशीनच्या खणात, रिळांच्या मागे लपवले. याला फसवणूक म्हणतात हे तिला कळत होतं. पण बुडणारा माणूस हातात काय येतंय ते तपासत बसत नाही. फडक्यात पांढरे नाजूक कोंब आले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या. मुलं गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तेवढ्यात तिने खिडकीतल्या डाव्या बशीतले मळकट दाणे काढले आणि कोंब आलेले मांडले. साधी बशी डावीकडची, हे तिने पहिल्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पावलं वाजली तशी ती मशीनवर जाऊन बसली आणि चांगली धड शिवण उसवायला लागली.

थोरलीची किंकाळी ऐकून धाकट्याच्या हातातली बादली पडली.

"आई! आई, आले! कोंब आले!" ती बशी उचलून नाचत होती. मग तिने, काचेचं भांडं असल्यासारखी, बशी सावकाश तिरकी करून बुडाशी बघितलं. बुडाला तिने चिठ्ठी चिकटवली होती, जागा रोज बदलते म्हणून घोळ होऊ नये यासाठी. मास्तरणीला त्या चिठ्ठीचा पत्ताही नव्हता. पोरीचे डोळे मोठे झाले.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "हे उकळलेले आहेत."

 जागा रोज बदलाव्यात. मास्तरणीनेच वाचून दाखवलं होतं, तिनेच नाक मुरडलं होतं.

"उकळलेले उगवलेत! साधे नाही उगवले, पण उकळलेले उगवले!" थोरली धाकट्याला गदागदा हलवत होती. "म्हणजे बघ ना, आपल्याला वाटतं की मेलं, आता यातून काही येणार नाही, पण आत असतंच! आत असतंच रे!" तिने बाबांना फोन लावला आणि सगळं पुन्हा सांगितलं, मग आईच्या गळ्यात पडून कानाशी पुन्हा एकदा. एकही शब्द अडला नाही. मास्तरणीने तोंड उघडलं, दोनदा उघडलं. बोल की बाई, आत्ताच बोल, असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवत गप्प बसली. उद्या बाई येऊन गेल्या की सांगू. एवढा एक दिवस जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या सर्दीने बेजार होऊन. रुमाल नाकाला, चष्मा कपाळावर. त्यांनी गरम पाणी मागितलं, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "हं. दाखव."

आणि थोरली बोलली. एका परक्या बाईसमोर, ताठ उभी राहून. पहिल्या वाक्याला जरा श्वास अडकला, पण मग ती सुटलीच. कापूस किती भिजवला, वाटाणे कसे उकळले, जागा का बदलल्या, चिठ्ठ्या बुडाशी का लावल्या. धाकटा कोपऱ्यात ओठ हलवत तिच्याबरोबर सगळं म्हणत होता. "आणि मला असं दिसलं, की साधे वाटाणे उगवले नाहीत. उकळलेले उगवले."

बाईंनी रुमाल खाली घेतला. "उलटं सांगतेस का तू?"

"नाही."

"अगं, उकळल्यावर बी मरतं. ते उगवत नाही. चिठ्ठ्या चुकल्या असतील तुझ्या."

"चिठ्ठ्या पहिल्या दिवशी लावल्या. बशीत काही घालायच्या आधी." थोरलीची मान खाली गेली नाही. "तुम्ही सांगितलंत ते मी केलं, जे दिसलं ते सांगितलं."

"मग कोणीतरी दाणे बदलले," बाई धाकट्याकडे बघत म्हणाल्या. धाकट्याने दोन्ही हात वर केले आणि त्याचा चेहरा रडवेला झाला.

"त्याने नाही हात लावला," थोरली म्हणाली. "तो माझ्याबरोबरच होता. घरात दुसरं फक्त आई असते. आणि आई असं कधीच करणार नाही."

इतक्या ठामपणे म्हणाली, की मास्तरणीला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. गप्प राहिली तर पोरगी मूर्ख ठरणार होती, नाहीतर धाकटा खोटारडा ठरणार होता, आणि बोलली तर काय ठरणार होतं ते तिला आधीच दिसत होतं. ती स्टुलावरून उठली.

"मी बदलले." ती बाईंच्या समोर येऊन उभी राहिली. "बाई, मी बदलले. काही उगवत नव्हतं. पोरीचा चेहरा बघवत नव्हता मला. खणात कोंब काढले आणि ठेवले, आणि ठेवले ते भलत्याच बशीत. जागा बदलते हे विसरले. पोरीची काही चूक नाही. तिने सगळं बरोबर केलंय."

बाईंनी नाक ओढलं. थोरली आईकडे बघत नव्हती. ती बशीकडे बघत होती.

बाईंनी गरम पाण्याचा पेला संपवला. त्या ओरडतील, उठून जातील, असं मास्तरणीला वाटलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखे पालक मला रोज भेटतात. पोरांच्या वह्या लिहितात, चित्रं काढतात. तुम्ही वाटाणे लावले." त्या उठल्या. "मागच्या खेपेला मुलगी बोलली नव्हती. आज बोलली, आणि माझ्याशी वाद घालून बोलली. मला तेवढं पुरे आहे. हाच अभ्यासक्रम चालू ठेवा. वर्षभर परवानगी आहे. फक्त त्यात तुम्ही हात घालू नका."

मिळाली. ज्यासाठी ती इतके दिवस तीळ तीळ तुटत होती ती परवानगी मिळाली. बाईंना दारापर्यंत सोडून ती परत आली तेव्हा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही.

थोरलीने दोन्ही बश्या कचऱ्याच्या डब्यात पालथ्या केल्या होत्या. कोंब, कापूस, सगळं. आता ती ओट्याशी उभी राहून नखाने बुडाच्या चिठ्ठ्या खरवडत होती. नळ चालू होता.

"ताजे वाटाणे आहेत अजून," मास्तरीण मागे उभी राहून म्हणाली. "परत लावू या का? मी हात नाही लावणार. तू आणि धाकटा, दोघंच करा. हं?"

पोरीने नळ बंद केला. वळली. डोळे कोरडे होते. तिला काहीतरी म्हणायचं होतं, कदाचित रागाचं, कदाचित नुसतं विचारायचं होतं की का केलंस. तिने तोंड उघडलं.

"आ…"

गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. ओठ थरथरले.

"आ… आ…"

धाकटा दारात येऊन थबकला. मास्तरणीने शब्द पुरा करून दिला नाही. सगळ्यांना सांगायची तशीच ती गप उभी राहिली, हात अंगाशी घट्ट धरून, आणि पोरगी आपल्याला 'आई' म्हणून हाक मारेल याची वाट बघत राहिली.